एका पत्त्याचा देश

दोह्यातील एखाद्या मराठी बिऱ्हाडात लॅपटॉपने शेजारच्या खोलीतील प्रिंटरला धाडलेला कागद घरातल्या घरात, यंत्राच्या जन्मजात क्रमांकावरून, परभारे पोहोचतो. परंतु तोच लॅपटॉप पुण्याच्या वृत्तपत्राकडे वळला, की सबनेट मास्कच्या निकषाने ते ठिकाण परमुलखातले ठरते, आणि राऊटर नामक देवडीवरचा कारकून अर्जावरील १९२.१६८ ने आरंभ होणारा घरगुती आयपी पत्ता खोडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो, पोर्टक्रमांक नोंदवहीत टिपतो व उत्तर येताच ज्याचे त्याला पोहोचते करतो.

घरापुरती ही व्यवस्था शहाणपणाचीच. कतारने मात्र तिला जवळजवळ राष्ट्रीय धोरणाची प्रतिष्ठा दिली होती. २००६ साल सरत असताना क्यूटेल (२०१३ पासून ऊरीडू) या देशातील मक्तेदार दूरसंचार कंपनीच्या प्रॉक्सी नामक मध्यस्थ सर्व्हरमुळे सुमारे दहा लाख वस्तीचा हा संपन्न देश विकिपीडियाच्या दारी बहुतांशी एकाच पत्त्यानिशी उभा राहत असे. त्या पत्त्यावरून कोणा उपद्व्यापी जीवांनी लेखांची नासधूस केली, एका प्रचालकाने नित्याच्या रिवाजाप्रमाणे तो पत्ता रोखला, आणि अमीराच्या दिवाणापासून बांधकामावरील मजुरापर्यंत, ज्यांनी आयुष्यात एक स्वल्पविरामही बदलला नव्हता अशांचाही, अनामिक संपादनाचा हक्क एका हुकमासरशी खालसा झाला. वाचनाची मुभा अबाधित होती, आणि बंदीही लवकरच उठली. तरी बातम्यांनी ‘कतारवर बहिष्कार’ अशी आवई उठवलीच, तेव्हा संस्थापक जिमी वेल्स यांना जातीने खुलासा करावा लागला. गुन्हेगाराचे नाव ज्या नोंदवहीत असावे, ती अर्थातच क्यूटेलच्या दफ्तरी होती.