विलायती सोयरीक

परराष्ट्रातील मनुष्याशी विवाह करून त्याच्या मुलखात नांदावयास जाणे हा प्रकार शहरगावच्या मंडळींना अलीकडचा वाटत असला, तरी गोंडपिपरीच्या मनुष्याला त्याचे नवल वाटण्याचे काही कारण नाही. कारण ज्या काळी पुण्यातील कन्या सदाशिव पेठेतून शनिवार पेठेत गेली तरी तिची आई पदर डोळ्यांना लावीत असे, त्या काळी आमच्या मुली वर्धा नदी ओलांडून सर्रास परराज्यात दिल्या जात होत्या. नदीचा अलीकडचा काठ मध्यप्रांताचा, म्हणजे इंग्रज सरकारचा, आणि पलीकडे निजामाचे राज्य. आज आमचा शेजारी तालुका असलेला राजुरा त्या वेळी निजामाच्या अदिलाबाद जिल्ह्यात होता, तो १९५६ साली नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली एकदाचा चांद्याला मिळाला. माझ्या तीर्थरूपांची आत्या या पलीकडच्या राज्यात दिलेली होती. तिच्या वरातीचा डोंगा पैलतीरी लागला तेव्हा करोडगिरीच्या नाकेदाराने रुखवतातील पितळी भांडी मोजून घेतली, आणि ओटीतले कलदार रुपये तेथून पुढे हाली शिक्क्याच्या हिशेबात धरले जाऊ लागले. सहा कलदारांचे सात हाली होत असल्यामुळे, आपण नदी ओलांडली आणि श्रीमंत झालो, अशी तिची काही दिवस समजूत होती. बाजारात पहिल्यांदा मीठ घेतले तेव्हा ती गेली.

या निजामशाहीविषयी जे काही वाईट बोलता येण्यासारखे आहे ते सर्व बोलून झालेले आहे, व त्यातील बहुतेक खरेही आहे. परंतु परक्या सुनेला आपलीशी करण्याच्या बाबतीत त्या सरकारची सुटसुटीत वृत्ती नमूद केल्यावाचून राहवत नाही. १९१९ साली हैदराबाद संस्थानाने नोकरीपुरते ‘मुलकी’ कोणास म्हणावे याचे जे नियम केले, त्यात जन्माने प्रजाजन असलेला तो मुलकी, आणि मुलकी पुरुषाची पत्नी ती मुलकी, असे सरळ लिहून ठेवले होते. परक्या पुरुषाला मात्र १५ वर्षे वास्तव्य करून, परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे असा हलफनामा लिहून द्यावा लागे. पत्नीच्या बाबतीत ती १५ वर्षे नाहीत आणि हलफनामाही नाही; परत जाण्याचा विचार तिने बोहल्यावरच सोडलेला असतो, हे त्या दरबाराने बिनपुराव्याने गृहीत धरले होते. ते गृहीतक स्त्रियांच्या दृष्टीने कितपत सुखाचे होते हा निराळा प्रश्न आहे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की दप्तर वाचले.

हे सर्व आठवण्याचे निमित्त असे की माझ्या भाचीने गेल्या वर्षी एका ब्रिटिश नागरिकाशी विवाह केला. पुण्यात एका कचेरीत दोघे दोन वर्षे शेजारच्या मेजांवर बसत असत, आणि त्यानंतर जे व्हावयाचे ते झाले. विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत रीतसर लागली, परंतु तिच्यावर एकही लेखी हरकत आली नाही. हरकती होत्या त्या सगळ्या बसस्थानकासमोरील चहाच्या टपरीवर तोंडी दाखल झाल्या आणि तेथेच निकालात निघाल्या.

“कोन्या गावचा जी जावई?” असे मला तेथे विचारण्यात आले.

“लेस्टर,” मी म्हणालो.

“हे कोन्या तहसिलीत येते?”

या प्रश्नाला हसणाऱ्या मनुष्याने कृपा करून पुढील मजकूर वाचावा. कारण आमची भाची कोणत्या गावची, हे लेस्टरच्या बाजूला पटवून देण्यात आमचे साडेचार महिने खर्ची पडले. तिच्या जन्मदाखल्यावर गावाचे नाव इंग्रजीत एकसंध लिहिलेले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘गोंड’ आणि ‘पिपरी’ यांच्यात एका अक्षराचे अंतर पडलेले आहे. आधारपत्रावर कोणा सुसंस्कृत यंत्रचालकाने पिपरीची पिंपरी केल्यामुळे, कागदोपत्री ती पुण्याजवळच्या कारखान्यांच्या वस्तीची चुलत बहीण झाली आहे. ज्या गावाच्या दोन शब्दांचा संसार एकत्र चालला आहे की विभक्त, याचाच निर्णय सरकारदरबारी झालेला नाही, त्या गावच्या मुलीने आपला संसार एकत्र असल्याचा पुरावा परदेशी सादर करावयाचा, असा हा योग होता. तहसिलीबाहेरच्या अर्जनवीसाने यावर ‘ही तिन्ही गावे एकच’ असे शपथपत्र सुचविले. त्या शपथपत्राच्या शीर्षकात त्याने गावाचे जे इंग्रजी रूप लिहिले, ते चौथे होते.

आता विलायत सरकारच्या अपेक्षांकडे वळू. जावयाचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असले पाहिजे. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा १८,६०० होती, म्हणजे वरपक्षाच्या लायकीविषयीची त्या सरकारची कल्पना एका रात्रीत निम्म्याहून अधिक उंचावली. मुलीची स्वतःची भारतातील मिळकत या हिशेबात शून्य धरली जाते. मुलीला इंग्रजी बोलता व ऐकता आले पाहिजे, आणि ते येते हे परीक्षकासमोर सिद्ध केले पाहिजे. तिची छाती क्षयरोगापासून मुक्त असल्याचा दाखला नेमून दिलेल्या दवाखान्यातून आणला पाहिजे. आणि हे सारे उत्तम निघाले तरी प्रथम ३३ महिनेच राहावयास मिळेल, मग पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, आणि पाच वर्षे नीट नांदल्यावर कायमच्या वास्तव्याचा विचार. मुलाचा पगार, मुलीचे बोलणे, मुलीची प्रकृती आणि काही दिवस नांदवून पाहणे, ही यादी मी मोठ्याने वाचून दाखविली तेव्हा आमच्या मातोश्रींनी मान डोलावली. त्यांना तीत काहीच परके वाटले नाही. पत्रिकेचा उल्लेख नाही, एवढ्यापुरते ते सरकार त्यांना किंचित पुढारलेले वाटले.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचे येथे स्मरण होते. गदर पक्षाचा हा क्रांतिकारक देशोदेशी भटकत मेक्सिकोत पोहोचला, तेथे कृषिविद्या शिकवू लागला, मक्याच्या नव्या जातींवर त्याने काम केले, दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात त्याला स्थान मिळाले, आणि १९३६ साली त्याने झान सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. वर एका देशाचा, वधू दुसऱ्या देशाची, आणि संसार तिसऱ्या देशात! पुढे हे दांपत्य नागपूरला येऊन राहिले, आणि खानखोजे १९६७ साली तेथेच निवर्तले. आजच्या कोणत्याही कारकुनापुढे हे प्रकरण ठेवले असते, तर तो प्रथम पाणी प्याला असता.

परंतु उत्पन्न, परीक्षा आणि क्षय ही सारी किरकोळ कलमे होत. खरे कलम पुढे आहे. हा संबंध खरा असून चालू आहे, असे अर्जदाराने दाखवून द्यावयाचे असते. त्यासाठी निरनिराळ्या प्रसंगांची एकत्र छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे आणि परस्परांना पाठविलेले निरोप जोडावेत असा सल्ला मिळाला. लग्नात आलू-वांग्याच्या भाजीवर आणि बुंदीवर बाराशे पाने उठली होती, मांडव घालणाऱ्यापासून बँडवाल्यापर्यंत अर्धा तालुका साक्षीस होता. परंतु बाराशे जेवणाऱ्यांपेक्षा, रात्री पावणेबाराला पाठविलेला ‘जेवलास का?’ हा निरोप अधिक विश्वसनीय मानला जातो असे कळले. भाचीने असे निरोप निवडून छापून घेतले. भांडणाचे वगळावेत की ठेवावेत, यावर घरात दोन पक्ष पडले. तीर्थरूपांचे मत असे पडले की संबंध खरा असल्याचे त्याहून सबळ प्रमाण नाही, म्हणून ते आधी लावावेत.

तीर्थरूपांना या विषयात अधिकार आहे. त्यांचा विवाह १९७३ साली झाला. त्या विवाहाचे एकच छायाचित्र घरात आहे, आणि त्यात मातोश्रींचे मुख कॅमेऱ्याच्या विरुद्ध दिशेला वळलेले असल्यामुळे वधू कोण हे केवळ शालूवरून ओळखावे लागते. इतक्या वर्षांत उभयतांनी एकमेकांना एकही पत्र लिहिलेले नाही, कारण विरहाचा प्रसंगच आलेला नाही. मातोश्रींनी उखाण्यावाचून यजमानांचे नाव कधी उच्चारलेले नाही, आणि तीर्थरूप त्यांना ‘ऐकलं का’ या नावाने हाक मारतात. हे नाव कोणत्याही ओळखपत्रावर नाही. विलायतेच्या कसोटीवर हा विवाह पहिल्या टेबलावरच फेटाळला गेला असता.

या परीक्षांची चेष्टा करताना एका ठिकाणी मात्र लेखणी आवरती घ्यावी लागते. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक ३५ वर्षांची भारतीय शिक्षिका विवाहासाठी उतरली असता, ती खरोखर अविवाहित वधूच आहे काय हे ठरविण्यासाठी तेथील अधिकाऱ्यांनी पुरुष डॉक्टरकडून तिची कौमार्यपरीक्षा करविली. पुढच्याच महिन्यात ‘गार्डियन’ या वृत्तपत्राने ही गोष्ट उघडकीस आणली, तेव्हा तो प्रघात बंद झाला. मुलगी दाखविण्याच्या आमच्या चालीवर इंग्रजी पुस्तकांत बरेच लिहिलेले आहे. असो.

भाचीचा परवाना अखेर आला. ती लेस्टरला गेली, तेथे तिला काम मिळाले, आणि आता तिने कधीकाळी तिकडचे नागरिकत्व घेतले तर १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमान्वये इकडचे आपोआप संपेल, हे मी घरात सांगितले. मातोश्री म्हणाल्या की लग्नात मुलीचे आडनाव गेले तेव्हा कोणी कलम दाखवायला आले नव्हते.

त्याच वेळी नदीवरून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या जोडप्यांचे टेम्पो गावातून निघत होते. तीन-चार महिने हे लोक परमुलखात, परभाषेत, शेताच्या बांधावर पाल ठोकून संसार करतात आणि परत येतात. त्यांचा संबंध खरा आहे काय, हे आजवर त्यांना कोणत्याही सरकारने विचारलेले नाही. खरे म्हणजे त्यांना कोणत्याच सरकारने काहीच विचारलेले नाही.

आता तीर्थरूप व मातोश्री या उभयतांनी नातीकडे एकदा जाऊन यावे असे ठरले आहे. पारपत्रात पत्नीचे नाव घालावयाचे तर विवाहनोंदणीचा दाखला असलेला बरा, असे एजंटाने सांगितल्यामुळे, पन्नाशी ओलांडलेल्या या विवाहाची नोंद करण्यासाठी आम्ही गेल्या सोमवारी संबंधित कचेरीत गेलो. तत्पूर्वी स्टँडाजवळच्या स्टुडिओत जोडीने छायाचित्र काढले. छायाचित्रकार म्हणाला, “जवळ सरका जी थोडे.” तीर्थरूप सरकले. मातोश्री तेवढ्याच पलीकडे सरकल्या. असे तीन वेळा झाल्यावर भिंत आली, आणि छायाचित्र निघाले.

कचेरीत लग्नाची पत्रिका मागितली, ती नव्हती. पुरोहित विचारला, तो १९९१ साली वारला. साक्षीदार तीन होते, पैकी दोघे लग्नाच्या वेळी जन्मलेले नव्हते. विवाहाचा दिनांक विचारला तेव्हा तीर्थरूपांनी ‘धानाची कापणी झाल्यावर’ असे उत्तर दिले, आणि मातोश्रींनी वार, तिथी व त्या दिवशी कोणाचे पोट बिघडले होते तेही सांगितले. मग लिपिकाने वधूकडे वळून विचारले, “यजमानांचे नाव?”

मातोश्रींनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले, पदर सारखा केला आणि नदी, तुळस, धान व नातीचे विमान यांची मोट बांधलेला एक लांबलचक उखाणा, कोठेही न अडखळता, नावापर्यंत आणून पोहोचविला. शेजारच्या खिडकीवरची रांग ऐकण्यासाठी थांबली. लिपिकानेही तो संपेपर्यंत बोटे कळफलकावरून वर धरून ठेवली, मग नाव टंकलिखित केले आणि पडद्यावरून नजर न काढता पुढचा प्रश्न विचारला :

“अन् गाव? गोंडपिपरी जोडून टाकू, का तोडून?”