वळूची पत्रिका, तीही डॉलरात!

ऐकलंत का? अमेरिकेत अँगस जातीची गुरं पैदा करणाऱ्यांनी तर पार ताळतंत्र सोडलाय! वर्षभराचा चांगला धडधाकट वळू खोड्यात अडकवायचा, बाराव्या-तेराव्या बरगडीपाशी केस भादरायचे, वर खायचं तेल चोपडायचं आणि सोनोग्राफी. वळूची! बघायचं काय, तर पाठीच्या स्नायूचा घेर किती, कातडीखाली चरबीचा थर किती आणि मांसाच्या आत चरबीची नक्षी किती. ह्या नक्षीला म्हणतात मार्बलिंग. सरकारी प्रतवारीत 'प्राइम', 'चॉइस' की 'सिलेक्ट' हे मुख्यतः तिच्यावरच ठरतं, आणि वरच्या प्रतीला कत्तलखाना जास्त पैसे मोजतो.

मग काय, ह्या मापांवरून निघाली वळूची पत्रिका! आपल्याकडे मुलीकडचे निदान छत्तीस गुण तरी जुळवून बघतात. तिथे गिऱ्हाइकाचं बोट वळूविक्रीच्या कॅटलॉगात थेट 'डॉलर बीफ'च्या रकान्यावर. एकाचा आकडा 180, दुसऱ्याचा 150, म्हणजे पहिल्याची वासरं सरासरी डोईमागे 30 डॉलर जास्त मिळवून देतील असा अंदाज. स्वारी नाकीडोळी कशी आहे, हे विचारायचं सोडून होणाऱ्या लेकरांच्या मांसाचा भाव विचारतात. शिव शिव!

जुने जाणते ह्यावर नाकं मुरडतात. म्हणे, आमची नजर काय कमी होती? पण त्या नजरेने काय दिवे लावले ते ठाऊक आहे हो! 1940-50च्या दशकांत प्रदर्शनांतून बुटक्या, गुटगुटीत जनावरांची टूम निघाली आणि हेरफर्ड जातीच्या कळपांत खुजी, घरघर श्वास घेणारी वासरं जन्माला येऊ लागली. पुढे 1970-80च्या दशकांत ह्याच मंडळींनी ताडमाड वळूंना डोक्यावर घेतलं. त्यापेक्षा आकडा बरा, असं माझं आपलं मत.

फक्त ह्या आकड्यात बिचारी गाय नाही! हिशेब सगळा वासराच्या वाढीचा, खुराकाचा आणि मांसाचा. वजनाच्या नादात पुढच्या पिढीतल्या गाईही अंगाने थोराड होतात, चारा जास्त मागतात. त्या वेळेवर गाभण राहतात का, हे 'डॉलर बीफ'ला कुणी विचारत नाही. मागाहून गाईंसाठी 'डॉलर एम' आला, मग दोन्हींची मोट बांधून 'डॉलर सी'. रकान्यांना काय तोटा!

एवढं मात्र खरं, की नक्षी वाढली. पूर्वी शंभरात दोन-तीन जनावरं 'प्राइम' ठरायची, आता दहाच्या आसपास ठरतात. पण सगळ्यांच्याच पाठीत अशी नक्षी उमटली, तर चढा भाव कुणी कुणाला द्यायचा?