शहाऐंशी म्हणजे बत्तीस

प्रिंटरचा ड्रायव्हर डाउनलोड करायला गेलं की पहिला प्रश्न येतो : तुमची सिस्टीम ३२-बिट आहे की ६४-बिट? ज्या यंत्रासमोर बसून आपण हा प्रश्न वाचतो, त्या यंत्राला त्याचं उत्तर पक्कं ठाऊक असतं. तरीही विचारायचं मला. सगळ्या व्यवहारात ज्याला सर्वांत कमी कळतं त्याचाच कौल घ्यायचा, अशी ही लोकशाही आहे.

कौल देण्यासाठी दोन बटणं असतात. एकावर 'एक्स८६', दुसऱ्यावर 'एक्स६४'. सरळ बुद्धीचा माणूस ८६कडे वळतो. यंत्राला चांगले पैसे मोजलेत, तेव्हा मोठा आकडा आपलाच असणार. पण इथे ८६ म्हणजे ३२. हे ८६ आलं १९७८ सालच्या इंटेल ८०८६ या प्रोसेसरवरून, आणि तो बिचारा होता १६-बिटचा. म्हणजे सोळाच्या नावाने बत्तीसला हाक मारायची, आणि ती हाक चौसष्टपेक्षा मोठी ऐकू यायची. शाळेत असा हिशेब केला असता तर बाकावर उभं केलं असतं.

प्रोसेसर एका दमात केवढी संख्या हाताळतो आणि मेमरीतले किती पत्ते मोजू शकतो, याचं हे बिट म्हणजे माप. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणजे ४ जीबी. तिथे हद्द संपली. चौसष्ट म्हणजे त्याच्या दुप्पट, असं दुकानदार सांगतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, ही गोष्ट त्याने ऐकलेली नसावी. बत्तीस घरं भरेपर्यंत राजा हसत होता. राज्य बुडालं ते उरलेल्या बत्तिसांत.

आता आमच्या घरच्या यंत्राकडे येतो. 'धिस पीसी'वर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की तिथे लिहिलेलं असतं : इन्स्टॉल्ड रॅम ४.०० जीबी. शेजारी, कंसात, हळूच : ३.२४ जीबी यूजेबल. उरलेली पाऊण जीबी गेली कुठे? तर पत्त्यांची हद्द चार जीबीची, आणि त्याच पत्त्यांतून ग्राफिक्स कार्डाला, नेटवर्क कार्डाला आणि इतर मंडळींनाही वाटा द्यावा लागतो. त्यांचा मान आधी. त्यांच्या वाट्याला गेलेल्या पत्त्यांवरची रॅम मग नुसती बसून राहते. पैसे मात्र पुऱ्या चार जीबीचे घेतले होते. पावतीवर कंस नाही.

खालची ओळ त्याहून जिव्हारी लागते : ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. म्हणजे प्रोसेसर चौसष्टचा, विंडोज बत्तीसची. हे यंत्राला ठाऊक आहे, त्याने ते लेखी दिलं आहे, आणि त्याबद्दल त्याला काहीही वाटत नाही. सरकारी खात्याकडून एवढी कबुली मिळवायची तर माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो.

हार्डवेअरवाल्या पोराला बोलावलं. "काका, आणखी चार जीबी टाकली तरी दिसणार नाही. चौसष्टची विंडोज मारावी लागेल."

"मग मार."

"वरच्या वर होत नाही ते. फॉरमॅट मारावा लागेल. सी ड्राइव्ह उडेल, डेटा काढून ठेवा."

पोरगा खरं बोलत होता. बत्तीसच्या विंडोजवर चौसष्टची चढवायची वाट ठेवलेलीच नाही. घर पाडून पुन्हा बांधायचं. गंमत अशी, की १९९५ सालच्या पेंटियम प्रोपासून बत्तीस-बिट प्रोसेसरलाही ३६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६४ जीबी, झेपत होते. सर्व्हरसाठीच्या काही विंडोजना ती मुभा दिली. घरगुती विंडोजला नाही, कारण चार जीबीच्या पलीकडचा पत्ता दिसला की घरगुती उपकरणांच्या ड्रायव्हरांना भोवळ येई. ड्रायव्हर सुधारण्याऐवजी गिऱ्हाइकाची रॅम झाकली.

फॉरमॅट झाला. आता रॅम पूर्ण दिसते. स्कॅनर दिसत नाही. बत्तीसचा ड्रायव्हर चौसष्टच्या विंडोजला चालत नाही, आणि चौसष्टचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नाही. स्कॅनरचा दिवा लागतो, काच लख्ख आहे, फक्त संगणकाशी बोलणं बंद आहे. मराठी टंकनाचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याचं दुखणं आणखी नाजूक. चौसष्टची विंडोज बत्तीसचे प्रोग्राम चालवते, पण सोळाचे नाही. हा प्रोग्राम बत्तीसचा. त्याचा सेटअप मात्र सोळाचा. म्हणजे एकदा बसला असता तर सुखाने चालला असता. बसायचीच सोय नाही. पडद्यावर सल्ला येतो की सॉफ्टवेअरच्या प्रकाशकाकडे चौकशी करा. प्रकाशकाने दुकान कधीच गुंडाळलंय. सोसायटीची इतिवृत्तं त्याच्याच फॉन्टात असल्यामुळे ती आता रोमन अक्षरांच्या भेळेसारखी दिसतात, आणि सभासदांची त्याबद्दल तक्रार नाही.

चौसष्टच्या विंडोजच्या पोटात डोकावावं तर तिथे 'सिस्टीम३२' नावाचं फोल्डर आहे. त्यात चौसष्टच्या फायली असतात. शेजारी 'सिसवाव६४'. त्यात बत्तीसच्या. जुन्या प्रोग्रामांत 'सिस्टीम३२' हा पत्ता कायमचा कोरलेला, म्हणून नाव बदललं नाही, रहिवासी बदलले. बत्तीसचा एखादा प्रोग्राम भाबडेपणाने 'सिस्टीम३२'चं दार ठोठावतो तेव्हा विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरात नेऊन सोडते आणि सांगत नाही. डेटाबेस जोडायची खिडकी उघडणारी 'ओडीबीसीएडी३२' ही फाइल तर दोन्हीकडे आहे, एक चौसष्टची, एक बत्तीसची. नाव दोघींचंही बत्तीस.

प्रोसेसर इंटेलचा असला तरी विंडोज आपल्या नोंदीत त्याला 'एएमडी६४' म्हणते, तेही याच शिस्तीत. इंटेलने चौसष्टसाठी इटानियम नावाचं वेगळंच बिऱ्हाड २००१ साली थाटलं. त्यावर जुने प्रोग्राम रडतखडत चालत. एएमडीने २००३ साली जुन्याच घरावर मजला चढवला, लोकांना तो पटला, आणि २००४ साली इंटेलही मुकाट्याने तिथेच राहायला आली. पाटी पहिल्या मालकाची राहिली.

आता विंडोज ११ फक्त चौसष्टची निघते आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा हा प्रश्न तरी मिटला असं वाटलं होतं. परवा भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर एक साधा प्रोग्राम टाकायला बसलो. पुन्हा दोन बटणं : 'एक्स६४' आणि 'आर्म६४'. बाजारात आता वेगळ्या जातीचे प्रोसेसर असलेले विंडोज लॅपटॉपही आहेत. दोन्हीकडे चौसष्टच, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही.

माझी मागणी माफक आहे. यंत्राने आपले बिट आपण मोजावेत, योग्य ती फाइल आपण उचलावी, आणि मला फक्त 'ओके' विचारावं. तेवढं उत्तर मी न वाचता देतो.