काकावर कथा कशी लिहावी
(नवशिक्यांसाठी)

साहित्य : एक काका (चुलत असल्यास उत्तम), एक सामाईक बांध, त्यावरून झालेले जुने भांडण आणि फुलस्केप कागद.

प्रथम काकाचे नाव बदलावे. पांडुरंगाचा विठ्ठल केला की गाव फसेल, असे मात्र समजू नये. पहिल्या परिच्छेदात काकाला पोटभर शिव्या घालाव्यात. हा परिच्छेद पुढे काढून टाकायचाच आहे, तेव्हा हात आखडू नये.

मग त्याने रातोरात बांध कोरला, तो प्रसंग घ्यावा. इथे घोडे अडते. मध्यरात्री उठून जो माणूस कुदळ घेऊन शेतात जातो, त्याला झोप लागलेली नसते. का लागली नाही, हे लिहावे लागते. ‘जात्याच हलकट’ हे कारण भावकीत चालते, कथेत चालत नाही. मग आठवू लागते की त्याच साली त्याच्या थोरलीचे लग्न ठरले होते, सोसायटीचे कर्ज थकले होते. वाटणीत विहिरीकडचा तुकडा तुमच्या वडिलांना गेला होता. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, असे वडील सांगत. चिठ्ठ्या लिहिल्या कोणी, हे तुम्ही कधी विचारले नव्हते. आताही विचारू नये, निदान दिवाळी होईपर्यंत.

राग जपायचा असेल तर लिखाण इथेच थांबवावे आणि वकील गाठावा. त्याला समोरच्याची रात्र लिहावी लागत नाही.

काकूकडे लक्ष असू द्यावे. सबंध कथेत ती दोनदा चहा आणते. खरी कथा तिचीच निघण्याचा धोका असतो; पण तिला कोणी विचारत नाही, आणि तुम्हीही शब्दमर्यादेचे कारण सांगून सुटाल.

वेळ मिळत नाही, ही सबब सांगू नये. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बांधाचे प्रकरण हाताबाहेर गेल्यास तशी सोय तुमचीही होऊ शकते.

कथा झाली की दिवाळी अंकाकडे पाठवावी. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून घरचे भांडण सणासुदीला साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडण्याची आपल्याकडे चांगली सोय आहे. ‘साभार परत’ आल्यास संपादकाला काका समजू नये. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, तेव्हा ते काम आता स्वतःच करावे. शिव्यांचा परिच्छेद अजून तसाच असेल, तो याच वेळी काढावा. जीव तुटतो. काढावा.

छापून आलीच, तर अंक द्यायला काकाकडे जातीने जावे. तो चष्मा लावून एका बैठकीत कथा संपवील, मांडीवर थाप मारील आणि म्हणेल, “लेका, तुझ्या बापाला बरोब्बर पकडलंस!”