पूर्ण रोजगाराचा जिल्हा

बेरोजगारी म्हणजे नेमके काय, याविषयी ज्यांच्या मनात काही गोंधळ असेल, त्यांनी केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीचे नियम एकदा शांतपणे वाचावेत, म्हणजे चित्त प्रसन्न होईल. पाहणीच्या आधीच्या सात दिवसांत ज्या इसमाने कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले, तो चालू साप्ताहिक स्थितीनुसार रोजगारात आहे, असे तेथे ठरवून दिलेले आहे. आणि घरच्या शेतावर किंवा घरच्या दुकानात जो विनावेतन हातभार लावतो, त्याचीही गणना कामकऱ्यांतच होते. या नियमांच्या उजेडात बीड जिल्ह्याकडे पाहिले असता असे ध्यानात येते की, बी.एस्सी. आणि मागाहून डी.एड. झालेला, पोलीस भरतीत दोनदा छाती मोजून घेतलेला, आणि वीज येईल तेव्हा बापाच्या दोन एकर कपाशीत जाऊन मोटार चालू करणारा जो तरुण स्वतःला उगाच बेकार म्हणवून घेतो, तो वस्तुतः राष्ट्रीय उत्पन्नात भर घालणारा एक कर्ता पुरुष आहे. फक्त त्याला ते अद्याप कळवण्यात आलेले नाही.

या कर्त्या पुरुषांचे एकत्रित दर्शन घ्यावयाचे असेल, तर दसऱ्याच्या दिवशी नारायणगडावर जावे. बीड तालुक्यातील हे स्थान नगद नारायण महाराजांचे. वारकऱ्यांत धाकटी पंढरी म्हणून त्याची ख्याती, आणि आषाढीला ज्यांना चंद्रभागेपर्यंत जाणे जमत नाही, ते येथेच माथा टेकून समाधान मानतात. २०२४ पासून मात्र दसऱ्यालाही येथे मोठा मेळा जमू लागला. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला आणि पुढल्या वर्षी महात्माजींच्या जयंतीदिवशीच मराठा आरक्षणासाठी लढणारे मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा गडावर भरला. त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट येथे ओबीसी नेत्या पंकजा मुंडे यांचा मेळावा भरतो. आणि ज्या संत भगवानबाबांच्या जन्मगावी तो भरतो, त्यांची सुरुवातीची साधना नारायणगडाच्याच परंपरेत झाली होती, ही गोष्ट दोन्हीकडच्या ध्वनिक्षेपकांवरून क्वचितच सांगितली जाते. शेंदूर फासलेला दगडही ज्या गावी उन्हात एकटा पडतो, तेथील एकूण एक जवान माणूस त्या दिवशी गाडीत, गाडीवर किंवा गाडीमागे असतो. ज्या दिवशी जिल्ह्यात कोणालाही ‘सध्या काय करतोस?’ असे विचारता येत नाही, असा वर्षातील हा एकमेव दिवस होय.

गडावरची मराठा आरक्षणाची मागणी अडाण्यांची आहे, असे आमचे मत मुळीच नाही. वाटण्या होता होता ज्याची जमीन सातबाऱ्यावर उरली आणि हातात उरली नाही, त्याने सरकारी चाकरीकडे डोळे लावले, तर त्यात नवल ते काय? २०१८ चा आरक्षण कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला, २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटचा शासननिर्णय निघाला, आणि निजामाच्या दप्तरातील ज्या कुणबी नोंदी वाळवीनेही अर्ध्यावर सोडल्या होत्या, त्या शोधण्यासाठी अवघी महसूल यंत्रणा कामास लागली. एवढ्या अवधीत पंगतीत कोणी कोठे बसावे याचा खल अतिशय सखोल झाला. परातीत भाकरी किती आहेत, हे पाहण्यास मात्र कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याला सवड झाली नाही. ती झाली असती, तर मेळाव्यांची गर्दी कदाचित एकाच दिशेने चालू लागली असती, आणि तशी दुर्घटना कोणालाच परवडणारी नव्हती.

भाकरींचा हिशेब तसा गुप्त नाही. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. अर्जाचे शुल्क खुल्या वर्गास १,००० रुपये आणि राखीव वर्गास ९०० रुपये. गुणाकार ज्याला येतो, त्याने तो करून पाहावा, आणि मग राज्यात तोट्यात चालणारे उद्योग कोणते व फायद्यात चालणारे कोणते, याचा निवांत विचार करावा. दुष्काळात रयतेला तगाई देणारी सरकारे आपण ऐकली होती. बेकारीच्या दिवसांत रयतेकडूनच नजराणा घेण्याची कल्पकता मात्र अलीकडची. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत कोणाला २१४ गुण मिळाल्याचे दिसून आले. अनेक सत्रांतील काठिण्यपातळीचे समानीकरण केल्यामुळे असे होते, असा खुलासा झाला, आणि तो शास्त्रोक्तही असेल. परंतु ज्याच्या हाती पुढे गावाच्या जमिनीचे क्षेत्र दप्तरी लिहिण्याचे काम यावयाचे, त्याच्या निवडीतच दोनशेत दोनशेचौदा मावतात, हे पाहून बांधाच्या भांडणांत आयुष्य घालवलेल्या अनेक वृद्धांना आपल्या पूर्वानुभवाचा अर्थ नव्याने लागला असावा. पुढे पोलीस शिपायांच्या साडेसतरा हजार जागांना साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे शंभर जण. उरलेले नव्याण्णव पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावतात; त्यामुळे जिल्ह्याची प्रकृती मात्र उत्तम राहिली आहे.

अधूनमधून शासनाला या भरत्यांचा कंटाळा येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदे बाह्य यंत्रणेमार्फत भरण्यासाठी नऊ संस्थांची नेमणूक करणारा निर्णय झाला आणि महिना-दीड महिन्यात ओरड होऊन तो मागे घेण्यात आला. मग १७ जुलै २०२४ रोजी, आषाढी एकादशीच्या मुहूर्तावर, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पंढरपुरात युवा कार्य प्रशिक्षण योजनेची द्वाही फिरवली: बारावी झालेल्यास ६,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा, मुदत सहा महिने. लोकांनी तिचे नाव ‘लाडका भाऊ’ ठेवले. तहसिलीत, पंचायत समितीत, शाळांत हे भाऊ येऊन बसले, संगणकावर टंकलेखन करू लागले, आणि ज्या कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीवर ते बसत, ती खुर्ची भरली जाणार नसून तिच्यावर केवळ शिकावयाचे आहे, हे त्यांना हळूहळू उमगले. मुदत पुढे अकरा महिन्यांची झाली. ती संपताच हे प्रशिक्षित भाऊ कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलनास बसले. म्हणजे प्रशिक्षण अगदीच वाया गेले असे म्हणता येणार नाही.

एके काळी याच महाराष्ट्राने काम देण्याची गोष्ट खुळ्यासारखी सरळ घेतली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूरला एक प्रयोग करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात त्याचा राज्यभर विस्तार झाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे सरकारवर बंधनकारक ठरले. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. खडी फोडून, सुकडी खाऊन आमच्या मागल्या पिढीने रस्ते आणि पाझर तलाव उभे केले. मस्टरवर खोटी नावे चढली, कारकुनांची घरे पक्की झाली, हे सारे खरे. तरीही मागणाराच्या हाती काही एक हक्क होता. आता विहीर मागावी, शेततळे मागावे. काम मागणाऱ्याला फॉर्म मिळतो.

बाहेरून उद्योग येत नाहीत, असेही नाही. जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील एका कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, असा आरोप आहे आणि खटला न्यायप्रविष्ट आहे. येथे उपहासाने दोन पावले मागे सरावे, हे बरे. १९९५ साली मंजूर झालेली अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गाची गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत पोचली, ही तेवढी आनंदवार्ता. ती मंजूर झाली तेव्हा जे नोकरीच्या वयाचे होते, त्यांना तिकिटात ज्येष्ठ नागरिकांची सवलत आता दूर नव्हती, पण रेल्वेने तीही दरम्यान बंद केली.

अर्थशास्त्री बेकारीचे परिणाम मागणी, बचत आणि गुंतवणूक यांत मोजतात. गावात ते मुंडावळ्यांत मोजले जातात. वधूपिता पूर्वी जमीन किती, असे विचारी. हल्ली तो नोकरी कोणती एवढेच विचारतो, आणि उत्तर ऐकून चहा घेतो न घेतो, तोच उठतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधलेले अविवाहित तरुण घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले होते. बीडच्या तरुणांनी त्यांना हसू नये, कारण २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, हा राज्यातील नीचांक याच जिल्ह्याचा होता. त्या वेळची पोरे आता लग्नाच्या वयाला येत आहेत.

राहता राहिली या जिल्ह्यातील एकमेव खात्रीची नोकरभरती, ऊसतोडणीची. तिची जाहिरात सुटत नाही, शुल्क पडत नाही, समानीकरण होत नाही. दसऱ्याच्या सुमारास मुकादम गावात येतो आणि वही उघडतो. जातीचा दाखला त्याने आजवर कोणाकडे मागितल्याचे ऐकिवात नाही, त्यामुळे दोन निरनिराळ्या मेळाव्यांतून परतलेले दोघे महिन्याभरात एकाच कारखान्याच्या फडात पाचट बाजूला करीत मोळ्या बांधताना आढळतात. येथे वेतन काम संपल्यावर नव्हे, तर काम सुरू होण्याआधी, उचल म्हणून मिळते. ती फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही, आणि एक दिवस अंग टाकले तर खाडा पडून दंड बसतो. पाळीच्या दिवसांतला हा खाडा चुकावा म्हणून हजारो बायकांनी गर्भाशये काढून टाकली, तेव्हा २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. तसे पाहता एवढी वेतनवाढ सचिवालयातही होत नाही.

या भरतीत अट एकच आहे. मुकादमाच्या हिशेबात एक माणूस म्हणजे अर्धा कोयता. पुरा कोयता नवराबायकोचा होतो, आणि त्याला हवा असतो तो पुरा कोयता. तेव्हा वधूपित्याला नोकरी असलेला जावई हवा आणि नोकरी देणाऱ्याला बायको असलेला गडी हवा, असा हा तिढा पडतो. तो सोडवण्याची रीत लोकांनी कोणत्याही आयोगाची वाट न पाहता केव्हाच काढली आहे. हंगामाच्या तोंडावर, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीशी घाईघाईने गाठ बांधून दिली जाते; अशा लग्नाला ‘गेटकेन’ म्हणतात, आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशी ओलांडलेल्या, पंचविशीच्या आतल्या शंभर जणींपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे जे या जिल्ह्याचे चित्र निघाले, त्यात या रीतीचा वाटा मोठा आहे. हळद उतरण्यापूर्वीच ती मुलगी मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता म्हणून चढते. उचलीवर अंगठा नवऱ्याचा असतो.