मक्तेदारी-साधना : होतकरू उद्योगसम्राटांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

एखाद्या वस्तूच्या बाजारात विक्रेता एकच उरणे आणि ग्राहकाला त्याच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर नसणे, या अवस्थेस अर्थशास्त्रात मक्तेदारी म्हणतात. ती प्राप्त करून घेऊ इच्छिणाऱ्या साधकाने जॉन डी. रॉकफेलर यांच्या चरित्राचे परिशीलन करावे. कारण १८७० मध्ये दहा लाख डॉलर भांडवलावर ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे स्थापन झालेल्या त्यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने पुढील बारा वर्षांत अमेरिकेतील तेलशुद्धीकरणाचा सुमारे नव्वद टक्के व्यवसाय ताब्यात आणला, आणि तोही मुख्यतः अशा उपायांनी की ज्यांना कायद्याने तोवर गुन्ह्याचे नावच दिलेले नव्हते.

जमीन खणून तेल काढण्याच्या भानगडीत साधकाने आरंभी पडू नये. पेनसिल्व्हेनियात १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले आणि त्या मुलखात ज्याला त्याला विहीर खणण्याचे वेड लागले. भाव आज चढत, उद्या कोसळत, आणि विहीर आटली की तिचा मालकही आटे. शहाण्याने मधली अरुंद वाट अडवावी. विहिरी पुष्कळ आणि घरोघरचे दिवे त्याहून पुष्कळ असले, तरी कच्च्या तेलाचे रॉकेल करणारे कारखाने मोजके होते आणि ते वाहून नेणाऱ्या रेल्वे कंपन्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या.

या रेल्वे कंपन्यांशी स्नेह जोडणे हे साधनेचे मर्म होय. जाहीर दर सर्वांना सारखाच आकारून बड्या गिऱ्हाइकाला त्यातील काही रक्कम मागाहून गुपचूप परत करणे, यास रिबेट म्हणतात. परंतु ही झाली सामान्य बुद्धीची युक्ती. १८७२ मध्ये साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी या निरुपद्रवी नावाखाली तीन रेल्वे कंपन्यांशी जो गुप्त करार झाला, त्यात ड्रॉबॅक नावाची वरच्या दर्जाची योजना होती. तीनुसार स्पर्धकाने आपल्या मालासाठी जे भाडे भरावे, त्याचाही काही हिस्सा साधकाच्या खात्यात जमा व्हायचा आणि वर त्या स्पर्धकाने कोणता माल कोठे पाठवला याची खबरही मिळायची. बातमी फुटली, तेलप्रदेशात सभा व मोर्चे झाले, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने कंपनीची सनद रद्द केली आणि या कराराखाली एकही पिंप हलले नाही. तरीही नुकसान झाले असे समजू नये, कारण त्याच काही आठवड्यांत क्लीव्हलंडमधील सव्वीस प्रतिस्पर्धी कारखान्यांपैकी बावीस रॉकफेलर यांनी विकत घेतले होते. तलवार म्यानातून न काढताही गड घेता येतो. ती म्यानात आहे हे मात्र सर्वांना ठाऊक असावे लागते.

विकत घेतलेल्या कारखान्यावरील जुनी पाटी काही ठिकाणी तशीच राहू द्यावी, म्हणजे मक्तेदाराचा राग येऊन दुसरीकडे वळलेला ग्राहक न कळत त्याच मक्तेदाराकडे येतो. रॉकेलचे भाव या काळात खरोखरच पुष्कळ उतरले, हे साधकाने प्रत्येक चौकशी समितीपुढे न विसरता सांगावे. स्पर्धा टिकली असती तर ते आणखी उतरले असते काय, हा प्रश्न विचारण्यास फारसे स्पर्धक उरलेले नसतात.

आता सरकारी नियमनाचा विचार करावयाचा. ओहायोतील कंपनीला इतर राज्यांतील कंपन्यांची मालकी उघडपणे बाळगण्यात अडचण येऊ लागली, तेव्हा वकील सॅम्युएल डॉड यांनी १८८२ मध्ये ट्रस्टची रचना पूर्णत्वास नेली. सर्व भागधारकांनी आपले भाग नऊ विश्वस्तांच्या हवाली करावेत आणि बदल्यात प्रमाणपत्रे घ्यावीत, अशी ती व्यवस्था. देवस्थानाच्या विश्वस्तांसारखीच, फक्त देव तेवढा वेगळा. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये तिच्यावर घाव घातला. मग न्यू जर्सी राज्याने एका कंपनीस दुसरीचे भाग बाळगण्याची मुभा दिलेली असल्याने १८९९ मध्ये तेथे धारक कंपनी उभी राहिली, म्हणजे जिचा मुख्य उद्योग इतर कंपन्यांची मालकी हाच असतो अशी कंपनी. एक राज्य रागावले की दुसरे राज्य शुल्कासाठी पायघड्या घालून उभे असते.

मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० मध्ये झाला, पण कायद्याच्या जन्माने साधकाने हाय खाऊ नये. साखर शुद्धीकरणाचा जवळजवळ सर्व व्यवसाय एका कंपनीच्या हाती असूनही १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे, सबब तेथे हा कायदा लागू नाही, असा निवाडा दिला, आणि १८९४ च्या पुलमन संपात हाच कायदा रेल्वे कामगारांविरुद्ध मनाईहुकूम मिळवण्यास उपयोगी पडला.

रॉकफेलर यांची चूक निराळीच होती. ज्याला देशोधडीला लावावयाचे त्याच्या घरी अभ्यासू मुलगी आहे काय, याची चौकशी अगोदर करावी. १८७२ च्या प्रकरणाची झळ सोसलेल्या एका तेल व्यावसायिकाची कन्या आयडा टार्बेल हिने १९०२ पासून मक्लुअर्स मासिकात एकोणीस लेखांकांतून, न्यायालयीन साक्षी आणि कागदपत्रे यांच्या आधारे, सारा इतिहास मांडला. रॉकफेलर मौन पाळून राहिले आणि लोकांनी मौनाचा सरळ अर्थ घेतला. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने शर्मन कायद्याखाली कंपनीवर दावा लावला. १९०७ मध्ये एका उपकंपनीला रिबेटच्या खटल्यात सुमारे २ कोटी ९२ लाख डॉलर दंड झाला, तो पुढल्याच वर्षी अपिलात उडाला. यावरून मोठ्या दंडाला न भिता मोठे वकील नेमावेत.

अखेर १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विभाजनाचा खालच्या न्यायालयाचा हुकूम कायम केला. सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांनी मात्र त्याच निकालात वाजवीपणाची कसोटी घातली, म्हणजे व्यापारावरील प्रत्येक निर्बंध नव्हे, तर अवाजवी निर्बंध तेवढाच बेकायदा. साधकांच्या पुढील पिढ्यांतील वकिलांची सोय त्या एका विशेषणाने झाली. कंपनीचे ३४ तुकडे झाले, पण प्रत्येक तुकड्यातील भाग जुन्या भागधारकांनाच प्रमाणात मिळाले, आणि मोटारगाड्यांमुळे पेट्रोलची मागणी वाढत असल्याने त्या भागांचे भाव असे चढले की शिक्षा भोगता भोगता रॉकफेलर पूर्वीपेक्षा श्रीमंत झाले. तुकड्यांतील न्यू जर्सीचा पुढे एक्सॉन झाला आणि न्यू यॉर्कचा मोबिल. १९९९ मध्ये ते दोघे सरकारच्या संमतीने पुन्हा एक झाले, आणि संमतीची अट म्हणून त्यांना सुमारे २,४०० पेट्रोल पंप विकावे लागले. तेव्हा विभाजनाचा हुकूम आलाच तर साधकाने तुकडे नीट जपून ठेवावेत आणि वारसांना ८८ वर्षांचा धीर धरण्यास शिकवावे.