गेटवरचं राजचिन्ह

नांदेडच्या आमच्या दाजींनी बंगला बांधला आणि गेटवर घराण्याचं राजचिन्ह पाहिजे म्हणून हटून बसले. फॅब्रिकेशनवाल्याच्या कॅटलॉगमध्ये नुसते सिंह: उभा, बसलेला, जबडा वासलेला. दाजींचा धंदा तूरडाळीचा.

मी लातूरचा, म्हणजे या विषयात जरा तोऱ्यातच. राष्ट्रकूट राजे 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असं बिरुद मिरवायचे. हे लट्टलूर म्हणजे आमचं लातूर असं इतिहासकार मानतात. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड. मी म्हटलं, गरुड बसवा. दाजी म्हणाले, "तो साप खातो. नागपंचमीला तुझी ताई मला घरात घेईल का?"

मग मी निजाम काढला. आसफजाही झेंड्याच्या मधोमध चक्क कुलचा! एका सूफी संतानं पिवळ्या फडक्यातून कुलचे दिले, पहिल्या निजामानं सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य, अशी कथा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड-लातूर याच झेंड्याखाली होतं. ते फडकं आमच्या काकांसमोर सोडलं असतं तर मराठवाडा अजून मुक्त झाला नसता.

दाजींना भाकरीछाप गेट नको होतं. "राजेलोकांचं असतं तसं पाहिजे." आता राजेलोकांचं म्हणाल तर 1877 च्या दिल्ली दरबारासाठी आपल्या संस्थानिकांना चिन्हं काढून दिली बंगालच्या रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं. म्हणजे त्यांनाही फॅब्रिकेशनवालाच लागला.

इतका वेळ शेंगा सोलत बसलेल्या दाजींच्या आई म्हणाल्या, "कामून डोकं खाऊ लालाव? देवक हाय की आपलं, पंचपल्लव." विषयच संपला. मोऱ्यांचं मोरपीस, कदमांचं कळंब. ते मांडवात पुजायचं, झाड असेल तर त्याला कुऱ्हाड लावायची नाही, आणि देवक एक निघालं तर जुळत आलेली सोयरीक मोडायची. युरोपातल्या कुठल्या ढालीला एवढा अधिकार होता?

तरी दाजींनी सिंहच बसवला, जबडा वासलेला.

माझ्या घराचं चिन्ह मात्र ठरलंय: निळा ड्रम. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्याच्या दारात ड्रम, तो सरदार. ड्रमच्या दोन्ही अंगांना घागरी, वर वेटोळं घातलेला पाइप, शिंद्यांच्या राजचिन्हातल्या नागासारखा. खाली संस्कृत बोधवाक्य हवं म्हणून शेजारच्या गुरुजींना हाक मारली.

ते गच्चीवरूनच ओरडले, "नंतर सांगतो, नळ आलाय!"